रातांब्याची बी

मे, दुसरा आठवडा

रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकले. हिरव्यावरून तांबडे, तांबड्यावरून जांभळट काळे. बियाण्यासाठी पूर्ण रंग चढलेली, मोठी, निरोगी फळेच घ्यावीत. खायची रीत सोपी: तळव्यात दाबून फोडायचे, गोड-आंबट पांढरा गर बियांसकट तोंडात घ्यायचा, चोखून बिया बाजूला काढायच्या. बी चावायची नाही. सालीतला पिवळा चीक ओठांना चिकटतो. पांढरा सदरा घालून रातांब्याखाली जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

एका फळात साधारण ५ ते ८ बिया. गर पुरता धुऊन टाकावा. राहिला तर मुंग्या येतात आणि बुरशी धरते. राख चोळून एखादा दिवस सावलीत सुकवली की लगेच पेरणी. उन्हात कडक वाळवलेली बी मेलीच समजा. डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवलेलीही उगवत नाही. ही बी टिकाऊ नाही.

पिशवी उंच हवी, कारण सोटमूळ झपाट्याने खाली जाते आणि बुटक्या कुंडीत तळाशी वेटोळे घालते. दोन वाटे लाल माती, एक वाटा कुजलेले शेणखत, तळाला भोके. बी २ ते ३ सेंटिमीटर खोल.

जून अखेर

कोंब वर आले. सगळे एकदम येत नाहीत, पहिला दिसल्यावर शेवटच्याला आणखी कित्येक दिवस लागतात. पिशवी उकरून पाहायचा मोह टाळावा. पावसाचे पाणी साचू दिले तर बी कुजते, म्हणून पिशव्या उतारावर. नवी पालवी तांबूस असते. तो रोग नव्हे, फवारणीची घाई नको. पहिली दोन वर्षे सावली लागते, म्हणून नारळ-पोफळीच्या बागेत हे झाड सुखाने वाढते.

डिसेंबर

मोठ्या झाडांना फुले आली. खरा निकाल आता लागतो. रातांब्यात नर आणि मादी झाडे वेगळी. (एकाच झाडावर दोन्ही फुले असलेलीही क्वचित सापडतात.) नर फूल झुपक्यात येते आणि मधोमध पुंकेसरांची गच्च गोळी असते. मादी फूल सहसा एकटे-दुकटे, मध्ये वाटाण्यासारखा हिरवा गोल. रोपावर, पानावर, उंचीवर यातले काहीही कळत नाही, आणि बियांच्या झाडाला फुलायला सातएक वर्षे लागतात. सात वर्षे पाणी घालून नर निघाला की लोक कुऱ्हाड शोधतात.

हिशेब असा. रोपे साधारण निम्मी नर, निम्मी मादी. एकच लावले तर जुगार. पाच लावली तर एकही मादी नसण्याची शक्यता ३२ मध्ये १. जागा कमी असेल तर बियांपासून खुंटच (कलमाला खालचा आधार देणारे रोप) वाढवावा आणि त्याच्या कोवळ्या खोडावर फळणाऱ्या झाडाची काडी जोडून मृदकाष्ठ कलम बांधावी. काडी सरळ उभ्या वाढणाऱ्या शेंड्याची घ्यावी. आडव्या फांदीची घेतली तर कलम जगते, पण झाड आयुष्यभर जमिनीलगत पसरत राहते. ही चूक फार जण करतात. तयार कलम हवी असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातिस’ या जाती आहेत. नर मात्र सगळे तोडू नयेत, परागासाठी बागेत थोडे हवेतच.

मे अखेर

आता शर्यत पावसाशी. भिजलेले फळ सडते आणि सालीला ऊन मिळत नाही. आगळ (सालींचा खारवलेला रस) करायचे तर १ किलो सालीला १५० ते २०० ग्रॅम मीठ, चिनी मातीच्या बरणीत आठवडाभर, रोज ढवळून, मग गाळून. ॲल्युमिनियमचे किंवा तांब्याचे भांडे नको, आंबट रस धातू खातो. आमसुलासाठी साली वाळवायच्या, गराच्या खारट रसात बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. अशी तीन-चार पुटे दिली की आमसूल काळे, मऊ आणि लवचीक होते. एकाच पुटावर थांबलेले आमसूल फिके पडते. बाजारात तसलेच जास्त.

पेरून उरलेल्या बिया फेकू नयेत. वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळल्या की वर तेल येते. थंड झाले की ते थिजते आणि मुठीत वळून त्याचे गोळे करतात, म्हणून मुठेल. टाचांच्या भेगांना कोकणात अजून हेच लावतात.