काळ्या कडांचा 1971

“याला मार्कर लागलाय,” म्हणत विक्रेत्याने कार्ड आडवं धरलं आणि भिंगातून मला त्याची कड दाखवली. पांढऱ्या पुठ्ठ्यात काळी शाई झिरपलेली.

न्यू जर्सीतला बेसबॉल कार्डांचा, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांचा बाजार, टॉप्स कंपनीचा 1971 चा संच. काळ्या कडा इतक्या हळव्या की नख लागलं तरी पांढरं उघडं पडतं. मग कुणीतरी रंगवतं आणि भाव कोसळतो.

तरीही माझ्या आवडत्या डिझाइनच्या यादीत पहिला नंबर याचाच. मग 1975, दोन भडक रंगांच्या कडांचा. जत्रेतल्यासारखा, पण मजा येते! 1987 ची लाकडी चौकट सरळ 1962 वरून उचललेली, तरी चालेल. 1989 चा अपर डेक या दुसऱ्या कंपनीचा संच गुळगुळीत, होलोग्रामवाला. बघून काहीच होत नाही.

आणि 1952? टॉप्सच्या साय बर्गर यांनी ब्रुकलिनमध्ये घरच्या किचन टेबलावर बेतलेला. सगळे त्यालाच पहिलं पान वाढतात. पण त्यातलं मिकी मँटल या बेसबॉलपटूचं एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. हा आकडा डोक्यात असताना नुसतं डिझाइन दिसतं का हो कुणाला?