स्पितीला नेलेली जुनी जिप्सी: पैसे कुठे घालावेत, कुठे नाही

"लिफ्ट किती इंचाची केलीस?" मारुतीची जुनी जिप्सी घेऊन हिमाचलमधल्या स्पितीला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न हाच, म्हणजे गाडीची उंची किती वाढवली. उत्तर आहे शून्य. टायरही मूळ मापाचेच, २०५/७० आर १५. टपावर दिव्यांची पट्टी नाही, पुढे बुलबार, म्हणजे बंपरसमोरचा लोखंडी कठडा, नाही. फोटोत बघून कुणालाही वाटेल की गाडीला हातच लावलेला नाही. प्रत्यक्षात अख्खा उन्हाळा आणि पावसाळ्याचा बराच भाग ती गॅरेजच्या रॅम्पवर उभी होती आणि बजेट संपून वर आणखी गेलं. ते सगळं गेलं गाडीच्या खालच्या बाजूला.

गाडी २००३ची, एमजी४१३डब्ल्यू, म्हणजे १.३ लिटरचं सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन, कागदावर ८० बीएचपी. आधीचे मालक चिपळूणचे. कोकणातली गाडी घेताना रंग बघू नये, चॅसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, बघावी. स्क्रू-ड्रायव्हरने मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलजवळ, म्हणजे पाटे चॅसिसला टांगणाऱ्या कडीजवळ, आणि बॉडी चॅसिसवर बसते त्या माउंटच्या आसपास टोचून बघा. आमच्याकडे दोन ठिकाणी पत्रा बिस्किटासारखा तुटला. तिथे वरून पॅच न मारता कुजलेलं कापून नवी प्लेट वेल्ड करून घेतली. हे काम नीट होणार नसेल, तर पुढचं काहीच करू नका.

दुसरा खर्च पुढच्या अॅक्सलचा. जुनी जिप्सी साठच्या पुढे गेली आणि एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग थडथडायला लागतं. लोक टायर बॅलन्स करतात, स्टिअरिंग डॅम्पर बदलतात आणि महिन्याभरात पुन्हा तेच. बहुतेक वेळा झिजलेली असतात किंगपिन बेअरिंग, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळतं तिची बेअरिंग. जॅकवर चाक उचला, वर आणि खाली हात धरून हलवा. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. तरीही चाक हललं, तर ढिलाई हबच्या बेअरिंगमध्ये नाही, किंगपिनमध्ये आहे. आम्ही दोन्ही बाजूंची किंगपिन बेअरिंग, नकलची (चाक वळतं त्या सांध्याची) सील, टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्यांची टोकं) असं सगळं एकदमच बदललं. नाना पेठेत सुटे भाग मिळतात, पण सील घेताना जुनं सील खिशात ठेवून जा आणि शेजारी धरून माप बघा. एकाच नावाखाली दोन मापं हातात पडतात.

मग पाटे. गॅरेजमधल्या मामांचं म्हणणं सरळ होतं: "साहेब, उंची वाढवून घ्या हवी तर, पण मग प्रॉपेलर शाफ्टचा अँगल बदलतो, गाडी थरथरते, आणि ते माझ्याकडे घेऊन यायचं नाही." (प्रॉपेलर शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा फिरता दांडा.) आम्ही जुने पाटे सोडवले, पिचकलेले दोन बदलले, बाकीच्यांना कमान देऊन घेतली. बुश, पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट, पाट्यांची चवड एकत्र ठेवणारा सेंटर बोल्ट, सगळे नवे. नवे यू-बोल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये बसतात आणि ढिले पडतात. ते पुन्हा आवळायचे असतात, आणि हे कुणी करत नाही. आम्ही अजमेरला आवळले, रामपूरला पुन्हा. दोन्ही वेळा पान्याला अर्धा फेरा मिळाला.

टायरच्या मापाबद्दल दोन शब्द, कारण यावर मित्रांशी वाद झाले. २३५/७५ चे टायर रुबाबदार दिसतात यात शंका नाही. पण परीघ जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढतो, म्हणजे प्रत्येक गिअर तितकाच लांब होतो. स्पितीतून मनालीकडे नेणारी कुंजुम खिंड ४,५५१ मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० ते ६५ टक्के असते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही त्याच प्रमाणात उतरते. ८० घोड्यांतले पन्नासच वर पोचतात. त्यात लांब गिअर म्हणजे दर वळणावर क्लच जाळणं. मूळ मापातच चांगले ऑल-टेरेन टायर घ्या.

ज्याला खरोखर अपग्रेड म्हणता येईल, असं आम्ही फार थोडं केलं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे अॅक्सलचे ब्रीदर, आतली हवा आत-बाहेर जाऊ देणारी छोटी तोंडं. तापलेला अॅक्सल नाल्याच्या बर्फगार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढते, ब्रीदरमधून नाहीतर जुन्या सीलमधून. मग डिफरन्शिअलचं (अॅक्सलच्या मधल्या गिअरपेटीचं) ऑइल दुधाळ होतं. दोन्ही अॅक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) ब्रीदरना नळ्या जोडून त्या बॉनेटखाली फायरवॉलपर्यंत वर आणल्या. चॅसिसला पुढे-मागे टो करण्याचे पक्के हुक बसवले. बंपरला दोर बांधू नका, बंपर हातात येतो. हीटर पुन्हा जोडला. पुण्यात कुठल्या तरी गॅरेजने कधीकाळी तो बायपास करून टाकला होता. शेवटचं म्हणजे चांगल्या सीट. यावर हसणाऱ्यांनी कुंजुमच्या पलीकडचा बातल ते ग्रामफू हा दगडी रस्ता जुन्या सीटवर बसून जावा.

कूलिंगमध्ये कंजूसपणा नको. रेडिएटरचा कोअर नवा, थर्मोस्टॅट, होज, पाण्याचा पंप, आणि पंपासाठी उघडलंच आहे तर टायमिंग बेल्टही. रेडिएटरचं झाकण विसरू नका. कुंजुमच्या उंचीवर उघडं पाणी ८५ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाने दाब धरला तरच कूलंट शंभराच्या वर टिकतो. काहीशे रुपयांची वस्तू आहे, पण तिचं रबर चिरलेलं असेल तर नवा रेडिएटरही उपयोगाचा नाही.

बुलबार का नाही? केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, आणि मूळ रचनेत बदल केलेल्या गाडीची नोंदणी होऊ शकत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये म्हटलं. शिवाय पंधरा वर्षांवरच्या गाडीचं आरसी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला न्यावं लागतं. तपासणीत कोण काय काढेल सांगता येत नाही, तेव्हा जितकी मूळ तितकी बरी.

वयाचा फटका वाटेतही बसतो. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत; आदेश आणि अंमलबजावणी बदलत राहते, निघण्याआधी ताजी स्थिती बघा. हे क्षेत्र दिल्लीपुरतं नाही. सोनीपत, पानिपत, करनाल त्यातच येतात, म्हणजे चंदीगडचा नेहमीचा रस्ताच. आम्ही अहमदाबाद, उदयपूर, अजमेर, नागौर, बिकानेर, हनुमानगढ, भटिंडा असा वळसा घेतला. लांब पडतो, पण डोक्याला ताप नाही. जिप्सीत ऐंशीच्या वर जाण्यात तसाही आनंद नाही.

वर जायचं ते किन्नौरकडूनच: शिमला, रामपूर, कल्पा, नाको, ताबो, काझा. गाडीलाही आणि माणसालाही उंची हळूहळू मिळते. मनालीकडून थेट कुंजुम चढणारे काझात डोकं धरून बसलेले दिसतात. भारतीयांना या वाटेवर परमिट लागत नाही. रस्ता खाबपर्यंत चांगला, नाकोच्या पुढचा मलिंगचा पट्टा दरडींचा, तिथे रेंगाळू नये. ताबोचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, ९९६ सालचा; बाहेरून मातीचा ढिगारा वाटतो, आत भिंतभर चित्रं आहेत. त्याला अर्धा दिवस द्या.

टाकी ४० लिटरची. किन्नौरमधल्या पोवारीला भरा, काझाला पुन्हा काठोकाठ भरा. काझानंतर मनालीच्या बाजूला उतरेपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर पंप नाही, आणि चंद्रतालचा फाटा धरला तर आणखी वाढतात. लो रेंजमध्ये (हळू पण जास्त जोराच्या गिअरांत) जिप्सी किती पिते ते आधी ताम्हिणीत मोजून घ्या. धातूचा एक जेरीकॅन पुरतो; तो गाडीच्या आत ठेवू नये.

टायरची हवा चंदीगडला भरून निघालात तर वर गेज जास्त दाखवतो, कारण बाहेरचा दाब कमी झालेला असतो. कुंजुमला फरक पाच-सहा पीएसआयचा, थंडीमुळे त्यातले दोन-तीन वजा. कुंजुमच्या अलीकडच्या लोसर गावाच्या पुढे दगड सुरू होण्याआधी गार टायरवर मोजून कमी करा, आणि मनालीत पुन्हा भरायला छोटा कॉम्प्रेसर जवळ असू द्या.

कुंजुमला स्थानिक चालक देवीच्या देवळाला गाडीसकट प्रदक्षिणा घालतात. आम्हीही घातली. तिथून उतरताना लो रेंज, दुसरा गिअर, ब्रेकवर पाय नाही. निघण्याआधी ब्रेक ऑइल बदललेलं असावं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि लांब उतारावर उकळतं, मग पेडल थेट खाली जातं. पुढच्या चाकांची लॉकिंग हब (चाक अॅक्सलशी जोडणारी कुलपं) हाताने फिरवायची असतील तर ती बातललाच लॉक करा. नाल्याच्या मधोमध गुडघाभर पाण्यात उतरून करायचं ते काम नाही.

छतडूच्या अलीकडचे नाले दुपारी फुगतात, कारण वरचा बर्फ दिवसभर वितळून तेव्हा खाली पोचतो. आम्ही पोचलो तेव्हा एका नाल्यात पाणी दगडांवरून उसळत होतं. पलीकडून आलेला पिकअपवाला म्हणाला, "भाईजी, सुबह छह बजे आना, बच्चा भी पार कर लेगा।" ढाब्यावर मुक्काम केला. सकाळी पाणी निम्म्यावर होतं. आधी चालत जाऊन तळ बघितला, मग पहिल्या लो गिअरमध्ये एकसारख्या वेगाने पार. बाहेर आल्यावर थोडा वेळ ब्रेक दाबत चालवा, मागचे ड्रम ओले असतात.

छोटा दर्राजवळ दुसऱ्या एका गाडीचा सेंटर बोल्ट तुटून मागचा अॅक्सल सरकला होता. आमच्याकडचा जादा बोल्ट थोडा लांब होता, वॉशर घालून बसला. म्हणून सामानात सेंटर बोल्ट आणि सी-क्लॅम्प असावाच. त्याशिवाय क्लचची केबल, बेल्ट, वरचा-खालचा होज, फ्युएल पंप, गिअर ऑइल, एम-सील, आणि जॅकखाली ठेवायला लाकडाची जाड फळी. फळी नसेल तर जॅक रेतीत शिरतो आणि गाडी जागची हलत नाही.

ग्रामफूहून कोकसर आणि अटल बोगदा. मनाली तासा-दोन तासांत येतं. तिथे पोचल्यावर जेवण्याआधी डिफरन्शिअलचे ड्रेन प्लग जरा ढिले करून पहिले थेंब बोटावर घ्या. ऑइल दुधाळ असेल तर तिथेच बदला, पुण्यापर्यंत तसं चालवू नका. आमचं स्वच्छ निघालं. मागच्या डाव्या ड्रममध्ये मात्र मूठभर वाळू होती.