गिरगाव ते नरिमन पॉइंट : आमच्या चित्रमंडळाचा जानेवारी

संक्रांत झाली की पुढचा आठवडा आमच्या मंडळाचा, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक असे. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी निवृत्तीनंतर गिरगावात सुरू केलेलं हे छोटंसं मंडळ. वर्षभर शाळेच्याच हॉलमध्ये वर्ग आणि जानेवारीत वार्षिक संमेलन. पहिल्या दिवशी मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन, तिळगूळ, एखादं व्याख्यान. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी मिळून मरीन ड्राइव्हवरून चालत नरिमन पॉइंटला जायचं, एनसीपीए या कलाकेंद्रात जहांगीर निकोल्सन यांचा चित्रसंग्रह बघायला.

पहिल्या दिवसाची तयारी आदल्या संध्याकाळपासून चाले. हॉलच्या खिडक्यांच्या गजांना सुतळी बांधायची, ती मधे झोळ पडू न देता ताणायची, तिच्यावर लाकडी चिमट्यांनी चित्रं लावायची. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्यांचा कोपरा वेगळा असे. तिथे वस्तुचित्रातले तांबे-पितळेचे गडवे, स्मरणचित्रातली जत्रा आणि भाजीबाजार, संकल्पचित्रातली पानं-फुलं अशी शिस्तीची चित्रं. सर ती मनापासून लावत, पण त्यांचा खरा जीव दुसऱ्या भिंतीत असे. त्या भिंतीवर ज्याला जे वाटेल ते. विषय नाही, मार्क नाहीत. एका वर्षी एका मुलानं संपूर्ण कागद निळा रंगवून आणला होता. कोपऱ्यात एक पिवळा ठिपका, बस. पालकांपैकी कुणीतरी विचारलं, "हे काय काढलंय?" सर म्हणाले, "उद्या आमच्याबरोबर चला, मग बोलू." ते गृहस्थ खरंच आले आणि पुढे कितीतरी वर्षं संमेलनाचा हिशेब त्यांनीच सांभाळला.

चित्रं कमरेच्या उंचीवर लावायची, असा सरांचा नियम होता. बघणारे निम्मे लोक तेवढ्याच उंचीचे आहेत, असं ते म्हणायचे. मोठ्यांनी वाकावं.

दुसऱ्या दिवशीच्या चालण्याबद्दल किती सांगू! जानेवारीतली सकाळ, समुद्रावरून येणारा गार वारा, गळ्यात सुताच्या दोऱ्यात अडकवलेले पुठ्ठ्याचे बिल्ले. मोठ्या मुलींच्या हाताला लहान मुलं. वाटेत आर्ट डेको शैलीतल्या इमारतींचे गोल सज्जे सर दाखवत. रेषा नुसती कागदावर नसते, हे त्या सज्ज्यांकडे बघून आम्ही शिकलो. पाण्याच्या बाटल्या, पिशव्यांत चटणी-पोळी, आणि परतताना सगळ्यांना एकेक बटाटेवडा. तो खर्च वर्गणीतून.

निकोल्सन कोण, हे सर दर वर्षी नव्यानं सांगायचे, कारण दर वर्षी नवी मुलं असायची. आम्हा जुन्यांना ते पाठ झालं होतं, तरी ऐकावंसं वाटे. जन्म १९१५ सालचा. पारशी, कापसाच्या व्यापारातले. शिक्षणानं चार्टर्ड अकाउंटंट. पुढे मुंबईचे शेरीफ या मानाच्या पदावरही आले. चित्रकलेचं शिक्षण काहीही नाही. पहिलं चित्र विकत घेतलं १९६८ साली, म्हणजे पन्नाशी उलटून गेल्यावर. शरद वाघमारे या चित्रकाराचं निसर्गचित्र होतं ते. त्यानंतर मात्र हा माणूस थांबला नाही. गॅलऱ्यांमध्ये जायचं, चित्रकारांशी बोलायचं, आवडलं तर घ्यायचं. हुसेन, रझा, आरा, सूझा, गायतोंडे, अकबर पदमसी, राम कुमार यांच्याबरोबरच त्या वेळी नाव न झालेल्या तरुणांचीही चित्रं त्यांनी घेतली. लक्ष्मण श्रेष्ठ हे मूळचे नेपाळचे, जेजे कला महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबईचेच झालेले चित्रकार. निकोल्सन यांचा त्यांच्याशी विशेष स्नेह होता आणि श्रेष्ठांची चित्रं संग्रहात भरपूर आहेत. वाढता वाढता हा संग्रह सुमारे २५० कलावंतांच्या ८०० कलाकृतींपर्यंत गेला.

सरांचा आवाज चढायचा तो पुढच्या भागाला. श्रीमंत लोक चित्रं घेतात, त्यात नवल काही नाही. ती दिवाणखान्यात लागतात, किंवा गुंडाळून कपाटात जातात. निकोल्सन यांनी मात्र पहिलं चित्र घेतल्यापासून अवघ्या आठ वर्षांत, १९७६ साली, एनसीपीएमध्ये आपल्या चित्रांसाठी लोकांना खुलं असं दालन उभं केलं. तेव्हा मुंबईत आधुनिक चित्रं कायम बघायला मिळतील अशा जागा होत्याच किती? दिल्लीला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९५४ पासून होतं. मुंबईला ते यायला १९९६ साल उजाडलं. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे आणि तिचे उपकार या शहरावर फार मोठे आहेत. पण तिथलं प्रदर्शन आठवडाभराचं. मंगळवारी आवडलेलं चित्र पुढच्या मंगळवारी तिथे नसतं. ते कुणाच्या तरी घरी गेलेलं असतं, नाहीतर चित्रकाराच्या घरी परतलेलं असतं.

मला वाटतं, आमच्या संमेलनाचं आणि त्या दालनाचं नातं इथेच जुळलं. एखादं चित्र पहिल्या भेटीत काही बोलत नाही. सातवीत असताना बघितलेलं चित्र नववीत पुन्हा समोर येतं, मग कॉलेजात, मग कडेवर मूल घेऊन. दर वर्षी आपण थोडे बदललेले असतो. एनसीपीएतली मांडणी बदलत राहायची, सगळा संग्रह एका वेळी मावायचाही नाही. तरी एखादं ओळखीचं चित्र भेटलं की मुलं "अरे, हे मागच्या वेळचं!" असं ओरडायची आणि गप्प करायला सरच पुढे धावायचे, पण चेहऱ्यावर आनंद मावत नसे.

आरांची फुलं आणि भांडी मला पहिल्यापासून आवडली. त्यांची कथा सर रंगवून सांगत. कृष्णाजी हौळाजी आरा, हैदराबादजवळच्या बोलारमचे. पोरवयात मुंबईत आले, लोकांच्या घरी कामं केली, मोटारी धुतल्या. चित्रं काढतच राहिले. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी त्यांच्या हातातलं बळ ओळखलं. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्याबरोबर आरा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटात होते. स्वतःला थोडं स्थैर्य आल्यावर त्यांनी आर्टिस्ट्स सेंटरच्या कामात आयुष्य घातलं, नव्या मुलांना चित्रं मांडायला जागा मिळावी म्हणून. आमच्यातल्या एका मुलाचे वडील टॅक्सी चालवायचे. आरांची गोष्ट झाल्यावर तो त्या फुलांच्या चित्रासमोरून हलेचना. आज तो एका मोठ्या छापखान्यात रंगजुळणीचं काम बघतो आणि प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका दर वर्षी तोच छापून देतो.

गायतोंडे यांच्या चित्रापाशी मात्र मोठ्यांचा गोंधळ उडायचा. वासुदेव गायतोंडे, मूळ गोव्याकडचं घराणं, जन्म नागपूरचा, पण वाढले ते आमच्या गिरगावात, चाळीतल्या लहानशा जागेत. हे कळल्यावर आमची छाती फुगायची. आपल्याच गल्लीतला माणूस! पण चित्रात चाळ नाही, माणूस नाही, झाड नाही. रंगाचे थर, एकमेकांतून झिरपणारे, आणि मधेच काहीतरी तरंगत असल्यासारखं. एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते ना, तसं दिसतं." बायका हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, ओल कशी पसरते ते नीट आठवून सांग. ती सांगत गेली. आधी कडा दिसते, मग आत फिका डाग, मग वाळल्यावर वेगळाच रंग. ती बोलत होती तसतसे सगळेजण चित्राकडे पुन्हा बघायला लागले. गायतोंडे रंग चढवायचे, काढायचे, थांबायचे, पुन्हा चढवायचे. ते काम कसं होत असेल, हे तिच्या बोलण्यातून आम्हाला जास्त कळलं. कुठल्याही व्याख्यानापेक्षा.

निकोल्सन यांचं समाधान मात्र त्या दालनावर झालं नव्हतं. संग्रह वाढत होता, दालन तेवढंच. मुंबईत आधुनिक कलेचं स्वतंत्र, ऐसपैस संग्रहालय व्हावं, आणि आपली सगळी चित्रं तिथे लोकांसमोर राहावीत, हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी त्यांनी जागेचे प्रयत्न केले. मुंबईत जागा म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. २००१ साली ते गेले तेव्हा ते संग्रहालय उभं राहिलेलं नव्हतं. त्याच वर्षी दिल्लीत गायतोंडेही गेले. पुढच्या जानेवारीतल्या संमेलनात सरांनी दोघांची आठवण एकत्रच काढली. एक काढणारा, एक जपणारा. त्या वर्षीचं आभारप्रदर्शन लवकर आटोपलं.

पण निकोल्सन यांनी मागची व्यवस्था नीट लावून ठेवली होती. संग्रह विश्वस्तांच्या हाती होता, विकून वाटून टाकायचा नव्हता, हे महत्त्वाचं. कितीतरी घराण्यांचे संग्रह पुढच्या पिढीत लिलावात फुटले. इथे विश्वस्तांनी त्या माणसाची इच्छा धरून ठेवली. मधल्या वर्षांत ती चित्रं आम्हाला बघायला मिळेनात, म्हणून आमची वाट बदलली. आम्ही काळा घोड्याला जाऊ लागलो. रीगलसमोरच्या चौकात कावसजी जहांगीर हॉलमध्ये आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय होतं. वर्तुळाकार जिन्यानं मुलं वर-खाली करायची. जहांगीरमध्ये चक्कर व्हायची, तिथल्याच सामोवार कॅफेत मोठ्यांचा चहा व्हायचा. मजा होतीच. तरी जुने सभासद "आपली चित्रं कुठे असतील हो?" असं दर वर्षी विचारायचे. आपली! त्या शब्दावर कुणीच हरकत घेत नसे.

२००८ साली निकोल्सन प्रतिष्ठान आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांच्यात करार झाला, आणि २०११ साली संग्रहालयाच्या पूर्वेकडच्या भागात निकोल्सन यांच्या संग्रहासाठी दालन उघडलं. १९२२ साली लोकांना खुली झालेली ती जॉर्ज विटेट यांची घुमटाची वास्तू. गांधारची शिल्पं, मुघल आणि दख्खनी लघुचित्रं, टाटांचा संग्रह हे सगळं आधीपासून तिथे होतंच. आता त्याच छपराखाली आरा आणि रझा आले. मला हे स्वतंत्र इमारतीपेक्षाही छान वाटतं, आणि हे मी मंडळात वाद घालून सांगत असते. आमच्यातल्या काहींना अजूनही वाटतं की निकोल्सन यांना हवं होतं ते वेगळं संग्रहालय व्हायलाच हवं होतं. पण शाळेची सहल शिल्पं आणि भुसा भरलेले प्राणी बघायला संग्रहालयात येतेच. ती मुलं जिना चढून आधुनिक चित्रांपर्यंत सहज पोचतात. फक्त आधुनिक कलेसाठी वेगळी इमारत असती तर त्यातली किती मुलं आत शिरली असती?

२०१२ च्या संमेलनात आम्ही पहिल्यांदा तिथे गेलो. सरांना चालवत नव्हतं, त्यांना टॅक्सीनं आणलं. दालनात खुर्चीवर बसून त्यांनी नव्या मुलांना पुन्हा पहिल्यापासून गोष्ट सांगितली. कापसाचा व्यापारी, १९६८, पहिलं चित्र. एका मुलानं विचारलं, "ते इथे येतात का?" सर म्हणाले, "नाही, पण त्यांनी आपल्याला बोलावलंय."

सर गेल्यावर संमेलनाची जबाबदारी आम्हा चौघींवर आली. पहिल्याच वर्षी, २०१४ च्या जानेवारीत, मुलांच्या तोंडी एकच विषय होता. आदल्या महिन्यात मुंबईत क्रिस्टीज या लिलावसंस्थेच्या लिलावात गायतोंडे यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं होतं. गिरगावात वडापावच्या गाडीवरसुद्धा त्याची चर्चा. मुलांना किमतीचंच कुतूहल. आम्ही त्यांना दालनात नेलं आणि सांगितलं की ज्यानं ते चित्र घेतलं त्याच्या घरी आपल्याला कुणी बोलावणार नाही. इथे मात्र रोज बोलावणं आहे. निकोल्सन यांनी जी चित्रं घेतली त्यांची आज किंमत काय होईल, याचा हिशेब करायला मी हिशेबवाल्या काकांनाही मनाई केली होती. ती विकाऊ राहिलेलीच नाहीत. हेच त्या माणसानं आपल्याला दिलं, आणि यासाठी मी त्याची जन्मभर ऋणी आहे.

आता संमेलनाच्या वर्गणीतून एक रक्कम आम्ही बाजूला काढतो. तिच्यातून महापालिकेच्या शाळेतल्या मुलांची तिकिटं, येण्या-जाण्याचा खर्च आणि प्रत्येकाला एक स्केचबुक. चालत जाणं बंद झालंय. किनाऱ्यावर कोस्टल रोडची कामं निघाली तेव्हापासून चर्नी रोडहून लोकल आणि चर्चगेटपासून पुढे पायी. बटाटेवडा तेवढा तसाच आहे. चित्रं अजूनही कमरेच्या उंचीवर लावतो, आणि यंदा निळ्या कागदावर पिवळा ठिपका काढणाऱ्या त्या मुलाला, जो आता स्वतः कलाशिक्षक आहे, आम्ही व्याख्यानाला बोलावलं आहे.