देवाकडे कुणाचं मरण मागावं का?

बुधवार, रात्री

आज चर्चच्या महिला मंडळाच्या सभेत मावशींनी देवाकडे एका माणसाचं मरण मागितलं. नाव घेऊन मागितलं, आजाराचंही नाव घेतलं. आमच्यावर आले तेच दिवस त्याच्या बायकामुलांवर येऊ देत, असंही म्हणाल्या. एरवी कुणी प्रार्थना करत असलं की आमच्या बायका वाक्यावाक्याला 'होय प्रभू, होय प्रभू' म्हणतात. आज खोलीत नुसता पंख्याचा आवाज होता. शेवटी दोघीतिघींनी हळूच आमेन म्हटलं. माझ्या तोंडून ते निघालं नाही.

मावशींचं काय झालंय ते सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. माझगावला त्यांची पागडीची, म्हणजे आगाऊ रक्कम देऊन कमी भाड्याने कायमची घेतलेली, खोली होती, सासऱ्यांच्या वेळची. चाळ पुनर्विकासाला गेली. बिल्डरला कुणी ओळखत नव्हतं, ओळखत होते ते विभागातल्या पुढाऱ्याला. त्याने चाळीत मीटिंगा घेतल्या, 'मी आहे ना मध्ये' म्हणाला. त्याच्या शब्दावर लोकांनी संमतीपत्रावर सह्या केल्या आणि खोल्या रिकाम्या करून दिल्या. बाहेर राहायच्या भाड्यासाठी बिल्डरने दिलेले सुरुवातीचे चेक वटले, पुढचे परत यायला लागले. काका, म्हणजे मावशींचे यजमान, नालासोपाऱ्याच्या भाड्याच्या खोलीत वारले. चाळीच्या जागी आता पत्रे ठोकलेत. आत खड्डा आहे आणि पावसाळ्यात त्यात हिरवं पाणी साचतं. त्याच पत्र्यांवर दरवर्षी त्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर लागतो. मावशींनी नाव घेतलं ते त्याचंच.

सभेला येताना मावशींच्या हातात बायबलबरोबर एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात संमतीपत्राची झेरॉक्स, चेक परत आल्याचे बँकेचे मेमो, कडांना चिकटपट्टी लावलेली जुनी भाडेपावती आणि काकांच्या नावाचं शेवटचं लाइट बिल. ही पिशवी त्या घरी ठेवत नाहीत. घरमालक कधी खोली सोडायला सांगेल याचा नेम नाही आणि त्या घाईत कागद गहाळ व्हायला नकोत.

अशा बाईला 'असं मागू नये' हे कुठल्या तोंडाने सांगायचं? वैऱ्यांवर प्रीती करा आणि छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातलं वचन मला लहानपणापासून पाठ आहे. मावशींनाही आहे, शब्बाथ शाळेत त्यांनीच आम्हाला ते शिकवलं. ज्याचं घर शाबूत आहे त्याने हे वचन घर गेलेल्याला ऐकवणं मला बरं वाटत नाही.

शिवाय मावशी शास्त्राबाहेरचं काही बोलल्या नाहीत. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत याहून तिखट मागणी आहे. अठ्ठावन्नावं स्तोत्र अन्यायाने न्याय करणाऱ्यांबद्दल आहे आणि त्यांच्या तोंडातले दात पाड, असं ते देवाला सरळ सांगतं. एकशे सदतिसावं बाबेलमध्ये बंदिवान झालेल्यांचं आहे, त्याची शत्रूच्या लेकरांबद्दलची शेवटची ओळ मोठ्याने वाचवत नाही. आणि एकशे नववं तर मावशींच्या प्रार्थनेचा मूळ नमुनाच म्हणावा असं आहे.

वसईची माझी कॅथलिक मैत्रीण म्हणाली की त्यांच्याकडे दैनंदिन प्रार्थनेच्या नव्या क्रमात ही स्तोत्रं नाहीतच. खरं आहे ते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, पोप सहावे पॉल यांच्या काळात, १९७० मध्ये तो क्रम नव्याने ठरला तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं वगळली गेली आणि इतर काहींच्या अशाच ओळी गाळल्या गेल्या. आम्ही प्रोटेस्टंट लोकांनी असा काही ठराव केला नाही, आम्ही ती नुसती वाचायचं टाळतो. परिणाम एकच. मला हे पटत नाही. लुबाडल्या गेलेल्या माणसाला देवासमोर बोलायला शास्त्राने जे शब्द दिलेत, तेवढेच नेमके आपण काढून घेतो. मग तो ते शब्द दुसरीकडे बोलतो, किंवा बोलायचंच सोडून देतो आणि आतल्या आत कुढतो. मावशी निदान देवाशी बोलल्या.

गुरुवार

दुपारी एकशे नववं पुन्हा काढून बसले. आठव्या वचनात दोन मागण्या आहेत: त्याचे दिवस थोडे होवोत आणि त्याचा हुद्दा दुसऱ्याला मिळो. नवव्यात त्याची मुलं पोरकी व्हावीत, बायको विधवा व्हावी, असं मागणं आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात येशूचा शिष्य पेत्र, येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताच्या जागी दुसरा प्रेषित निवडायचं सांगतो, तेव्हा याच स्तोत्रातलं हुद्द्याचं वाक्य घेतो. या स्तोत्रातून तेवढंच घेतो. यहूदाच्या घरच्यांबद्दल एक अक्षर काढत नाही.

अमेरिकेत २००९ मध्ये काही लोकांनी हे आठवं वचन टी-शर्टांवर आणि गाड्यांच्या स्टिकरांवर छापलं होतं, राष्ट्राध्यक्ष ओबामांना उद्देशून. ज्यांना बायबल ठाऊक आहे त्यांना पुढची ओळ आपोआप आठवते, हे छापणाऱ्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्या टी-शर्टांची मला मनापासून चीड येते. हे स्तोत्र दीनदुबळ्याचं आहे, तसं त्याच्यातच लिहिलंय. भरल्या पोटी, मतदानाचा हक्क शाबूत असताना, आपला उमेदवार पडला म्हणून ते ओरडणं वेगळं आणि चेक परत आल्याचे मेमो छातीशी धरून ते रडणं वेगळं.

संध्याकाळी भाऊ आला होता. तो ठाण्याजवळच्या दिवा गावात राहतो. त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, "ताई, मावशींचंच बरोबर आहे. शीळफाट्याचं विसरलीस का?" विसरले नाही. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बेकायदा बांधली जात असलेली सात मजली इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. त्यात लहान मुलं होती, तिथेच काम करणारे मजूर होते. अटक झालेल्यांत बिल्डरांबरोबर महापालिकेचे अधिकारी आणि पोलीसही होते. भावाचं म्हणणं असं की लाच ही नुसती पैशांची गोष्ट नाही, ती माणसं मारते. मग देवाकडे मागतानाच एवढं सोवळं कशासाठी?

लाच माणसं मारते, हे त्याचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. भ्रष्टाचाराला आपण फार सौम्य पाप समजतो. मंडळीत दारू पिणाऱ्याला शिस्त लावतात, टेबलाखालून पैसे घेणाऱ्याला पुढच्या बाकावर बसवतात. पण त्याचा निष्कर्ष मला मान्य नाही आणि कारण भावनेचं नाही, व्यवहाराचं आहे. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला तिथेच संपतो. सह्या कुणाच्या होत्या, पैसे कुठे गेले, कुणी कुणाला फोन केला, हे मग त्याच्या तोंडून कधी बाहेर येत नाही. वर चौकात श्रद्धांजलीचे फलक लागतात आणि पोटनिवडणुकीला त्याचा मुलगा उभा राहतो. अशा माणसाचं मरण मागणं म्हणजे त्याची सुटका मागणं. मावशींची खोली, भाडं, काकांच्या शेवटच्या दिवसांचा हिशेब, हे सगळं द्यायला तो जिवंत असायला हवा आणि खुर्चीवरून उतरलेला असायला हवा.

जक्कय आठवा. यरीहोतला जकातदारांचा मुखिया, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. गावात त्याला शाप देणारे कमी नसणार. त्यातला एखादा शाप लागला असता तर लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातली ती घोषणा झालीच नसती, की ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत देतो. येशूने त्याला माफीवर सोडलं नाही, असं मी ती गोष्ट वाचते. तारण त्याच्या घराला झालं आणि पैसे लोकांना परत मिळाले, दोन्ही एकाच दिवशी.

भावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जक्कय झाडावर चढला होता, आपले लोक गाडीच्या काचासुद्धा खाली करत नाहीत." मी उत्तर दिलं नाही. खरं म्हणजे माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शनिवार

उद्याच्या उपासनेत मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी मागायची, प्रार्थना माझ्याकडे आहे. पाळकसाहेबांनी आठवण केली: "अधिकाऱ्यांसाठी मागायला विसरू नका." तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलंय, त्यामुळे दर रविवारी ते वाक्य येतं. देशाच्या पुढाऱ्यांना आशीर्वाद दे, सुज्ञता दे, आमेन. वर्षानुवर्षं मीही ते तसंच म्हणत आले. या आठवड्यात ते घशाखाली उतरेना. मावशी तिसऱ्या बाकावर बसणार आणि मी पुढे उभी राहून त्या माणसासाठी नुसता आशीर्वाद मागणार, हे माझ्याच्याने होणार नाही.

म्हणून पाळकसाहेबांना विचारलं. अधिकार देवाने नेमलेले आहेत म्हणून गप्प राहायचं, असं रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय दाखवून सांगणारे आमच्याकडे आहेत. पाळकसाहेब त्यातले नाहीत. त्यांनी मला दोन जागा वाचायला सांगितल्या.

पहिली, नाबोथाचा द्राक्षमळा, पहिल्या राजे या पुस्तकाचा एकविसावा अध्याय. अहाब राजाला वाड्याशेजारची जमीन हवी होती, नाबोथ वडिलोपार्जित जमीन द्यायला तयार नव्हता. मग राणी ईजबेलने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, त्यांवर राजाची मोहोर लावली, खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडमार करून मारवलं. बनावट कागद, विकत घेतलेली साक्ष आणि मोक्याची जागा. माझगावात बसून ही गोष्ट वाचताना दुसरं काही सांगावं लागत नाही. त्यावर संदेष्टा एलीया काय करतो? तो बंद खोलीत शाप पुटपुटत नाही. देव त्याला अहाबाकडे पाठवतो, त्याच मळ्यात, आणि तो राजाच्या तोंडावर सांगतो: तू खून केलास आणि वर वतनही बळकावलंस. शिक्षा काय ती देवाने ठरवलेली आहे, एलीयाचं काम ती तोंडावर सांगणं. आणि अहाबाने गोणपाट नेसून उपास केला, तेव्हा देवाने ती शिक्षा त्याच्या हयातीपुरती पुढे ढकलली. हा भाग मला आवडत नाही. नाबोथाच्या बायकोलाही आवडला नसता. पण शास्त्रात तो आहे आणि माझ्या आवडीसाठी मी तो गाळू शकत नाही. स्तोत्रं गाळली म्हणून मी वर तक्रार केलीय.

दुसरी जागा, कृत्यांचा बारावा अध्याय. हेरोद राजाने योहानाचा भाऊ, येशूचा शिष्य याकोब याला तलवारीने मारलं, लोकांना ते आवडलं असं दिसल्यावर पेत्रालाही तुरुंगात टाकलं. मंडळी एका घरात जमून कळकळीने प्रार्थना करत होती. कशासाठी? पेत्रासाठी, असं स्पष्ट लिहिलंय. हेरोद मरावा म्हणून ते प्रार्थना करत होते, असं कुठेही नाही. त्याच अध्यायाच्या शेवटी हेरोद राजवस्त्रं घालून आसनावर बसतो, लोक त्याला देव म्हणतात, तो ते ऐकून घेतो आणि किडे पडून मरतो. मंडळीने न मागता. हे वाचून माझ्या मनातली मोठी गाठ सुटली. जुलमी माणसाला देव मारतो की नाही, मारायचं तर कधी, हा विषय माझ्याकडे नाहीच. माझ्याकडे तुरुंगातला पेत्र आहे. मागायचं ते त्याच्यासाठी.

एवढं करून पेत्राच्या सुटकेसाठी मागणं म्हणजे हेरोदाच्या हुकमाविरुद्ध मागणं, हे त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतंच. बेड्या तुटाव्यात असं मागायचं तर बेड्या घालणाऱ्याचं नुकसान होणार. ते मला चालतं. त्या पुढाऱ्याचं पद जावो, हे मागायला मला काही अडचण वाटत नाही. त्याची बँक खाती उघडी पडोत, त्याचे साथीदार एकमेकांविरुद्ध बोलोत, लोकांनी त्याला मत देऊ नये, त्याला तुरुंग व्हावा, हेही. कॅन्सर नको. त्याची मुलं नकोत. माझी रेघ इथे आहे.

रात्री प्रार्थना लिहून काढली. खोटी सही करणाऱ्यांचे हात धर. ज्यांनी गरिबांची घरं घेतली त्यांना अधिकाराच्या जागेवरून खाली उतरव. लपवलेले कागद बाहेर काढ. लाच नाकारणाऱ्या कारकुनाची बदली होऊ देऊ नकोस. न्यायाधीशांना उशीर करू देऊ नकोस. ज्यांनी लुबाडलं त्यांचं मन फिरव, आणि जक्कयासारखं ते परत करोत. आमच्यापैकी कुणी काम लवकर व्हावं म्हणून पाकीट देत असेल, तर त्याला आजपासून थांबव.

मावशींना फोनवर वाचून दाखवली. मन फिरवण्याच्या ओळीशी त्या अडल्या. "ती तू म्हण बाई," म्हणाल्या, "माझ्याच्याने ती होणार नाही." मी आग्रह केला नाही, ओळही काढली नाही. बाकीची त्यांना पटली, कारकुनाची तर फारच. मग त्यांनी लूकच्या अठराव्या अध्यायातल्या विधवेची गोष्ट काढली. देवाला न भिणाऱ्या, माणसांना न जुमानणाऱ्या न्यायाधीशाकडे ती खेटे घालत राहिली आणि शेवटी तो तिला कंटाळून न्याय देतो. त्या बाईने न्यायाधीशाचं वाईट चिंतलं की नाही ते प्रभूने सांगितलं नाही, असं मावशी म्हणाल्या. मी म्हटलं, ती पुन्हा पुन्हा जायची हे मात्र सांगितलंय.

तर सोमवारी आम्ही दोघी वांद्र्याला म्हाडात जाणार आहोत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज मी आत्ताच लिहून ठेवलाय, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा राहिलाय. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाला तीन गोष्टी विचारल्यात: ना-हरकत प्रमाणपत्र कोणत्या तारखेला दिलं, त्यात रहिवाशांच्या भाड्याबद्दल काय अट होती, आणि ती अट पाळली गेली नाही यावर आजपर्यंत काय कारवाई झाली.