किंग घराण्याचे कागद लावताना

सिडनीच्या मिचेल लायब्ररीतले किंग घराण्याचे कागद वाचताना अक्षरापेक्षा नावांनी जास्त अडवलं. आजोबा फिलिप गिडली किंग (१७५८–१८०८) आरमारी अधिकारी, पुढे ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीचे गव्हर्नर. मुलगा फिलिप पार्कर किंग (१७९१–१८५६), 'मर्मेड' या ८४ टनांच्या, हावड्यात बांधलेल्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजणारा. १८३२ मध्ये तो ऑस्ट्रेलियात परतला आणि तिथलाच जमीनदार झाला. नातू पुन्हा फिलिप गिडली किंग (१८१७–१९०४), 'बीगल' या सर्वेक्षण जहाजावर मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी. म्हणजे 'पी. जी. किंग' ही सही दोघांची.

म्हणून मी आधी एका मोठ्या कागदावर तिघांची जंत्री केली: जन्म, मृत्यू, कोणत्या वर्षी कुठे. मगच पहिली पेटी मागवली. सही आहे पण तारीख नाही, अशा पत्रात पत्ता आणि मजकुरातलं जहाज पाहून माणूस ठरवायचा. वॉटरमार्कमध्ये (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली, उजेडात दिसणारी खूण) वर्ष असेल तर पत्र त्याआधीचं नाही, एवढंच कळतं. वसाहतीत कागद वर्षानुवर्षं पडून राही, त्यामुळे ते वर्ष पत्राची तारीख म्हणून लिहू नये. वॉटरमार्क पाहायला प्रकाशपट्टी लागते. ती वाचनकक्षातल्या कर्मचाऱ्यांकडे मागावी, पत्र स्वतः खिडकीपाशी धरू नये. लोहयुक्त शाईने जुना कागद आतून कुरतडलेला असतो आणि घडीवरच फाटतो.

आजोबांच्या समुद्रावरच्या नोंदींत तारखेचा घोळ हमखास होतो. १८०५ पर्यंत ब्रिटिश आरमारी जहाजांवर दिवस आदल्या दुपारी बारालाच सुरू होई. वहीत '५ मार्च, दुपारनंतर' असेल तर आपल्या हिशेबाने ती ४ मार्चची दुपार. सकाळची नोंद मात्र ५ तारखेचीच. किनाऱ्यावर लिहिलेल्या पत्रांना हा नियम लागत नाही. एक दिवसाचा फरक दिसला की मी आधी लिहिणारा जहाजावर होता का, ते तपासलं.

टपालखर्च कागदाच्या संख्येवर होता, म्हणून पान भरल्यावर ते वळवून त्याच ओळींवर काटकोनात दुसऱ्या ओळी लिहीत. अशा पानाचा फोटो फ्लॅशशिवाय काढावा, त्याची प्रत ९० अंशांत फिरवावी आणि एका वेळी एकाच दिशेच्या ओळी उतरवाव्यात. दोन्ही दिशा एकाच बैठकीत घेतल्या की डोळा ओळ सोडून भलतीकडे जातो. न लागलेला शब्द चौकटी कंसात, अंदाज असेल तर प्रश्नचिन्हासह.

हिशेबाच्या वह्यांत १२ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स म्हणजे १२.७६ नव्हे. पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणून सगळं पेन्समध्ये करावं: २८८० + ८४ + ६ = २९७०.

१८३९ ते १८४९ या दहा वर्षांत फिलिप पार्कर किंग पोर्ट स्टीफन्सला ऑस्ट्रेलियन अ‍ॅग्रिकल्चरल कंपनीचे कमिशनर होते. त्या काळातला कंपनीचा पत्रव्यवहार घरच्या कागदांत शोधण्यात वेळ घालवू नये. कंपनीचं दप्तर कॅनबेराच्या नोएल बटलिन आर्काइव्ह्ज सेंटरमध्ये आहे. वसाहत सरकारचे कागद न्यू साउथ वेल्सच्या राज्य अभिलेखागारात, मोहिमांच्या आरमारी वह्या लंडनमध्ये क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात.

सूचीत घराण्यातल्या माणसांची नावं ठळक असतात. ब्रिटनमधून शिक्षा म्हणून जहाजाने पाठवलेले, मजुरीला लावलेले कैदी आणि मूळ रहिवासी पानांच्या कडेला सापडतात. त्यांच्यासाठी मी वेगळी वही केली, आणि मला तरी हेच काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कैद्याच्या नावापुढे तो ज्या जहाजातून आला त्याचं नाव आणि वर्ष लिहावं, कारण एका नावाचे अनेक भेटतात. १८१७ मध्ये 'मर्मेड'वर गेलेल्या बंगारी या मूळ रहिवाशाच्या नावाचं स्पेलिंग वेगवेगळं येतं, म्हणून दोन रकाने: एकात कागदावर आहे तसं, दुसऱ्यात ठरवलेलं एकच नाव. पेटी, फोल्डर आणि पान क्रमांक त्याच ओळीत लिहावा, फोटो काढतानाच.