आमची वाटचाल : दिवेआगरमधली राहण्या-जेवणाची सोय

हा व्यवसाय आम्ही ठरवून सुरू केला नाही, लोकांनी करायला लावला. नोव्हेंबर १९९७ मध्ये गावातल्या एका बागेत खणताना तांब्याची पेटी सापडली आणि तिच्यात सोन्याचा गणपती निघाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे दर्शनाला माणसं यायला लागली आणि त्यांच्या जेवणाचं काय, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. एसटीतून उतरलेली मंडळी आमच्या पडवीशी येऊन विचारायची, "वहिनी, चार पानं वाढाल का?" सासूबाई नाही म्हणणाऱ्यातल्या नव्हत्या. सुरुवातीला त्यांनी पैसेही मागितले नाहीत, लोकच पाटाखाली ठेवून जायचे. मग मागायला लागल्या. मग माजघराशेजारची खोली दिली, मग गोठा काढून तिथे संडास-बाथरूमसकट खोल्या बांधल्या.

आमचं स्वयंपाकघर पहिल्यापासून शाकाहारी. वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, आमटी, सोलकढी आणि सांगितले असतील तर उकडीचे मोदक. सांगितले असतील तरच. आंबेमोहोर धुऊन, सावलीत सुकवून दळलेली पिठी, वाटीला वाटी पाणी, मीठ, चमचाभर तूप. आणि उकड हाताला चटके बसत असतानाच मळायची. थंड झाली की पारी फाटते. नारळ आम्ही अजून विळीच्या खवणीवरच खवतो. यंत्राने खवलं की करवंटीलगतचा तपकिरी भाग येतो आणि सारण मळकं दिसतं. सासूबाईंचं तांब्याचं मोदकपात्र चाळणीसकट आजही रोजच्या वापरात आहे. त्याला कल्हई करून द्यायला आता माणूस मिळत नाही. आम्ही माणगावला जाणाऱ्या कुणाच्या तरी गाडीत ते पाठवतो आणि परत येईपर्यंत अॅल्युमिनियमच्या भांड्यावर भागवतो. परसातला तांब्याचा बंबही चालू आहे. नारळाची सोडणं आणि झावळ्या पेटवून तापवलेल्या पाण्याने अंघोळ करायला शहरातली माणसं रांग लावतात. खोलीत गीझर आहे, त्याच्याकडे कुणी बघत नाही.

२४ मार्च २०१२ ला देवळावर दरोडा पडला. मूर्ती गेली, दोन रखवालदारांचा जीव गेला. भाविकांच्या बस आटल्या. त्या वेळी गावात खोल्या बांधायला कर्ज काढलेली कितीतरी घरं होती. आम्हाला तारलं ते समुद्रासाठी येणाऱ्या लोकांनी आणि जेवणाने. पुढची वर्षं बरी गेली, त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचं आहे ते २०२० बद्दल. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली आणि मे महिन्याचा सगळा हंगाम गेला. आमच्या धंद्यात मे गेला म्हणजे काय, ते इकडच्यांना सांगायला नको. त्यावर ३ जूनला दुपारी निसर्ग वादळ नेमकं श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा. आम्ही सगळे माजघरात बसलो होतो. पत्रे उडाल्याचा आवाज कळतो, कौलं फुटल्याचा कळतो. पण पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मोडताना जो आवाज येतो तो त्याआधी कधी ऐकलेला नव्हता. एकामागून एक, काडीसारख्या. संध्याकाळी दार उघडलं तर घरातून समुद्राकडचं सुरूचं बन दिसत होतं. मधे पूर्वी आमची नारळ-सुपारीची वाडी असायची, म्हणून ते कधी दिसलंच नव्हतं. फणस स्वयंपाकघरावर पडला होता. वीज गेली ती कित्येक आठवडे आली नाही, फोनही बंद. विहिरीत पाणी होतं, पण मोटर चालणार कशावर? दोरी-बादली काढली.

इथे एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. दिवेआगरात पाहुणे ही वरकमाई होती. घर चालायचं ते सुपारी आणि नारळावर. श्रीवर्धनी सुपारीला नाव आहे. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या राहिल्या तरी वाडी खाऊ घालायची, म्हणून आम्ही थाळीचा दर माफक ठेवू शकत होतो. पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. भरपाईचा हिशोब हेक्टरी ५०,००० रुपये असा ऐकला, आणि आमच्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. गुंठ्याला ५०० रुपये. पडलेली झाडं कापून बाहेर काढायची मजुरी त्याहून जास्त झाली. आता मोदकाचा नारळ विकत आणावा लागतो आणि पाहुणे म्हणतात, "तुम्हीपण महाग झालात."

बरं, वादळ सगळ्यांवरच आलं. त्याचा राग कुणावर धरायचा? राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एकाने काही वर्षांपूर्वी स्लॅबची इमारत उभी केली. पोहायचा तलाव, रंगीत दिवे, सगळं. वाडी नाहीच, त्यामुळे पडायलाही काही नव्हतं. जनरेटर होता. त्याचा धंदा लवकर सुरू झाला, होऊ दे की. पण कोपऱ्यावर कुणी आमची चौकशी केली की तिथून उत्तर जायचं, "ते बंद झालं. सगळं गेलं त्यांचं. इकडे राहा." आम्हाला हे कळलंही नसतं. कळलं ते डोंबिवलीच्या काकांमुळे.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले. सासूबाई पडवीत पानं वाढत होत्या तेव्हापासूनचे गिऱ्हाईक. दिवाळीच्या सुट्टीत येतात, स्वतःचा पंचा आणतात, चहा पाणचट झाला तर तोंडावर सांगतात आणि बिरडं सगळ्यांचं वाढून झाल्यावरच दुसऱ्यांदा मागतात. २०२० च्या दिवाळीतही निघाले. गावात शिरल्यावर त्यांना गल्लीच सापडेना; त्यांची खूण म्हणजे दोन्ही बाजूंच्या पोफळी, त्या उरल्या नव्हत्या. म्हणून त्यांनी कोपऱ्यावर विचारलं. वरचं उत्तर मिळालं. काका म्हणाले, "बंद असेल तर भेटून तरी येतो." आले तर आम्ही ताडपत्रीखाली चूल मांडून आमटी करत होतो. हातपाय धुऊन पाटावर बसले आणि मला म्हणाले, "सूनबाई, तुझं बंद झाल्याचं अजून तुला कळवलेलं दिसत नाही." मी हसले. रात्री मात्र झोप लागली नाही. वादळानंतर किती गाड्या कोपऱ्यावरूनच वळल्या असतील, त्याचा हिशोब मनात चालू होता.

जाताना काकांनी मे महिन्यातल्या तीन कुटुंबांच्या खोल्यांचे पैसे आगाऊ ठेवले. पावती घेतली, थाळीचा दर लिहून घेतला, दर वाढवायचा नाही असं बजावलंही. त्या पैशांतून स्वयंपाकघरावर पत्रे चढले. पुढचा मेही टाळेबंदीतच गेला आणि ती कुटुंबं पावसाळ्यानंतर आली. एकानेही पैसे परत मागितले नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये देवळात नवी मूर्ती बसली आणि पुन्हा गर्दी सुरू झाली. कोपऱ्यावरच्या इमारतीत आता उकडीचे मोदकही मिळतात. डीप फ्रीजमधून काढून वाफवलेले. खाऊन बघा आणि मग आमच्याकडे या, किंवा नका येऊ.

आता विषय निघालाच आहे तर येणाऱ्यांना चार गोष्टी सांगते. मासे खायचे असतील तर आमच्याकडे हट्ट धरू नका. जवळच भरडखोल ही मच्छीमारांची वस्ती आहे, तिथून आणून रांधून देणारी घरं गावात आहेत. मात्र १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कुणी "आत्ताच उतरवलेली सुरमई" म्हणालं तर बर्फ किती दिवसांचा ते विचारा. खोली घेताना समुद्र दिसतो का हे विचारण्यापेक्षा पाणी आणि पंखा वीज गेल्यावर कशावर चालतात ते विचारा. वाळूत गाडी घालू नका. भरती आली की ती ओढायला गावातल्यांनाच यावं लागतं. पुण्याहून ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन असं या. जाताना आरावी-शेखाडीवरून श्रीवर्धनकडे जा, तो रस्ता समुद्राला लागून जातो. मुरुडहून येत असाल तर आगरदांडा-दिघी फेरीबोटीने घाट-वळणं वाचतात, पण शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून ठेवा.

आणि नव्याने खोल्या काढणाऱ्यांना: पोहायच्या तलावाआधी विहीर उपसून घ्या आणि पोफळी लावा. आम्ही पुन्हा लावल्यात, गुडघ्याच्या वर आल्यात. सावलीला अजून वेळ आहे, तेव्हा दुपारी येणाऱ्यांनी टोपी आणावी.

मोदक हवे असतील तर आदल्या रात्री आठच्या आत फोन करा, संकष्टीला दोन दिवस आधी. दुपारचं जेवण सकाळी नऊपर्यंत सांगितलं तरच. आणि कोपऱ्यावर कुणी आम्ही बंद झालो म्हणालं, तर त्याला हो म्हणा आणि गाडी सरळ आत घ्या.