तोच प्रश्न, सहाव्यांदा

आज धरमपेठेत आमच्या रविवारच्या पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या वर्गात तोच प्रश्न सहाव्यांदा आला, "दादा, इन्स्टॉल तर झालं ना, मग कमांड का सापडत नाही?"

पोरीची चूक नाहीच. विंडोजवर इन्स्टॉलरच्या पहिल्याच स्क्रीनवर, अगदी खाली, 'पाथ'चा चौकोन असतो; तो टिक केला की पायथनची कमांड कुठे शोधायची ते विंडोजला कळतं. त्यावर आधीपासून टिक नसते. घाईत कोण बघतं बाप्पा! मी दरवेळी तोंडी सांगत राहिलो, तिथेच चुकलं. आज तिलाच बसवलं आणि तिच्याच शब्दांत पान लिहून घेतलं. चौकोनाभोवती लाल पेनाने गोल.

प्रिंटच्या कंसाचंही लिहिलं: पायथन २ मध्ये प्रिंटला कंस लागत नव्हता, ३ मध्ये लागतो. पायथन २ चा सपोर्ट २०२० मध्येच संपला, पण जुन्या नोट्स अजून फिरतात.

पान दारावर चिकटवलं. निघताना एक नवा पोरगा ओळीवर बोट ठेवून वाचत होता.